माटोळीवरची कुंभारीण आणि वसरीतली निळी: फोटोंवरून ओळख पटवण्याच्या नोंदी

गोव्यात फोंडा तालुक्यात सावईवेऱ्याला आमचं जुनं घर आहे, मागे सुपारीचं कुळागर. २०२४ च्या पावसाळ्यात वसरीत, म्हणजे ओसरीत, एक निळीशार गांधीलमाशी दिसायला लागली. ती कोण, हे फोटोंवरून ठरवायला मला बारा आठवडे लागले आणि त्यातले निम्मे चुकीच्या वाटेने गेले. कोणाच्या घरात अशीच निळी फिरत असेल तर त्यांचा वेळ वाचावा म्हणून वहीतल्या नोंदी इथे उतरवून काढतो आहे. मी किडे शिकलेला माणूस नाही, फोंड्याला एका दुकानात हिशेब लिहितो. रविवार आणि संध्याकाळ एवढाच वेळ हातात होता.

२५ ऑगस्ट २०२४, रविवार

चवथीला दोन आठवडेही राहिले नाहीत म्हणून देवघर झाडायला काढलं. माटोळीची, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर फळं टांगायची, चौकट खाली उतरवली तर तिच्या आडव्या पट्टीला मुठीएवढा मातीचा गोळा. तेवढ्यात आई आत आली. "अरे, मोडू नकोस, कुंभारणीचं घर आहे ते." कुंभारीण म्हणजे मातीचं घर बांधणारी गांधीलमाशी. पण चौकट धुतल्याशिवाय तिला नारळ, सुपारीचे घोस, तोरिंगं, कांगलां कशी बांधणार? शेवटी पातळ पत्रा घेऊन गोळा अख्खा सोडवायला गेलो. लाकूड ओलसर होतं, तरी कडेचे दोन कप्पे फुटलेच.

फुटलेल्या कप्प्यातून कोळी सांडले. एका कप्प्यात अकरा मोजले. हिरवट, करडे, बहुतेक लहान. मेलेले वाटत होते, पण भिंगाखाली एकाचा पाय अगदी सावकाश आखडला आणि पुन्हा सैल झाला. लुळे केलेले, जिवंत. त्यातल्या एका गुबगुबीत कोळ्याच्या पोटावर तांदळाच्या कणीएवढी पिवळसर अळी चिकटलेली होती.

आई बराच वेळ बघत राहिली. लहानपणापासून कीर्तनात ऐकलेलं तिला आठवलं: कुंभारीण परकी अळी धरून आणते, तिला डंख मारून घरात कोंडते, अळी भयाने तिचंच ध्यान करत राहते आणि शेवटी स्वतःच कुंभारीण होऊन बाहेर पडते. कीटक-भृंग न्याय तो हाच. मी तिला अळी दाखवली: ही त्या माशीचीच, आणि हे कोळी म्हणजे तिची शिदोरी. आई म्हणाली, "म्हणजे आईनं पोरासाठी भरून ठेवलंय." मला वाटतं, ज्याने तो दृष्टांत पहिल्यांदा दिला त्याने डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं. आत दुसरा किडा जातो, तोंड लिंपलं जातं, महिन्याने माशी बाहेर येते. मधलं भिंतीआडचं त्याला दिसलं नाही, एवढंच.

उरलेला गोळा काचेच्या रुंद तोंडाच्या बरणीत ठेवला, वर मलमलचं फडकं बांधलं, बरणी वसरीतल्या कपाटावर सावलीत. आजचे फोटो: बारा. कामाचे: कोळ्यांचे दोन.

२८ ऑगस्ट, बुधवार

संध्याकाळी साडेपाचला वसरीच्या भिंतीवर निळी दिसली. आपली नेहमीची कुंभारीण काळी-पिवळी असते, ही नखशिखांत निळी. उन्हाच्या तिरिपेत आली की मोरपंखी, सावलीत गेली की जवळजवळ काळी. भिंतीतली भोकं, दाराच्या चौकटीतल्या चिरा, खिळे काढल्याच्या जागा, सगळीकडे तोंड घालून बघत होती. फोनवर नऊ फोटो घेतले, नऊच्या नऊ हललेले.

त्यातला बरा फोटो एका ओळख-ॲपला दिला. ॲपने सांगितलं, अँप्युलेक्स कॉम्प्रेसा, म्हणजे झुरळं धरणारी पाचूरंगी माशी. वर्णन वाचून मी हरखलो. ही माशी झुरळाला दोनदा डंख मारते. पहिला छातीत, म्हणजे पुढचे पाय थोडा वेळ लुळे पडतात. दुसरा थेट डोक्यात. मग झुरळाला चालता येतं, पण आपणहून चालायची इच्छाच उरत नाही. माशी त्याच्या मिशा अर्ध्यावर तोडते, उरलेली मिशी धरते आणि दावं धरून वासरू न्यावं तसं त्याला बिळात घेऊन जाते. झुरळं कमी व्हावीत म्हणून १९४१ मध्ये ती मुद्दाम हवाई बेटांवर नेऊन सोडली होती.

आमच्या स्वयंपाकघरात झुरळांना तोटा नाही, त्यामुळे सगळं जुळलंच. या माशीची मधल्या आणि मागच्या पायांची मांडी तांबडी असते, आणि माझ्या एका फोटोत मांडीवर तांबूस झाक दिसत होती. घरात सगळ्यांना सांगितलं, शेजारी सांगितलं, वहीत शाईने नाव लिहिलं.

पुढचे अडीच आठवडे वाया गेले ते या शाईच्या नावापायी.

१ सप्टेंबर, रविवार

फोनला चिमटा लावून बसवायचं मॅक्रो भिंग आणलं, ६५० रुपये. माझ्या कामासाठी ते निरुपयोगी ठरलं. भिंग बरं आहे, पण चित्र स्पष्ट व्हायला फोन किड्यापासून तीन-चार सेंटिमीटरवर न्यावा लागतो. मुंग्या, फुलं, मेलेला किडा यांना ठीक. गांधीलमाशी तेवढ्या जवळ येऊ देत नाही.

एका मित्राकडे जुना कॅमेरा आणि शंभर मिलिमीटरच्या आसपासची मॅक्रो लेन्स पडून होती, ती मागून आणली. लेन्समध्ये बघतो तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात ठेवलेल्या लेन्सची हीच गत होते. साफ करायला १,४०० रुपये आणि दहा दिवस. वापरणार मी, म्हणून पैसे मीच दिले.

चवथीचे पाच दिवस या कामाला हात लावला नाही. निळी मात्र आरतीच्या गर्दीतही येऊन जात होती.

१५ सप्टेंबर, रविवार

आज अँप्युलेक्स वहीतून खोडलं.

साफ झालेली लेन्स काल मिळाली. सकाळी नऊ ते साडेअकरा वसरीत पाटावर बसून राहिलो. निळी सहा वेळा आली. पाचव्या खेपेला कठड्यावर आडवी बसली आणि पंख झटकत दोन सेकंद थांबली. नीट बाजूने घेतलेला हा पहिला फोटो. संगणकावर मोठा करून पाहिला तर छाती आणि पोट यांच्यामध्ये लांब, सरळ, सुईसारखा बारीक देठ. अँप्युलेक्सला असा देठ नसतो. तिच्या छातीचा पुढचा भाग मानेसारखा लांबट असतो, तोही इथे नव्हता. आणि मांडी तांबडी नव्हती, निळीच होती.

मग २८ तारखेच्या फोटोत तांबूस काय दिसलं होतं? यावर तासभर डोकं खाजवलं. उत्तर पायाखाली होतं. आमच्या वसरीला लाल कोबा आहे. माशीचं अंग घोटलेल्या भांड्यासारखं चकचकीत, आणि संध्याकाळचं तिरपं ऊन कोब्यावर पडून वर उसळतं. कोब्याचा लाल रंग तिच्या पायांच्या खालच्या बाजूवर उमटत होता. खात्री करायला कठड्यावर घोटीव स्टीलचा चमचा धरून त्याच वेळी फोटो काढला. चमच्याची खालची बाजूही तांबडी आली.

तेव्हा पहिली गोष्ट ही: चकचकीत किड्याचा रंग एका फोटोवरून धरू नये. निळा-हिरवा रंग तिच्या अंगात रंगद्रव्य म्हणून भरलेला नसतो, पाठीच्या बारीक थरांवरून उजेड परततो तसा तो दिसतो. फ्लॅशमध्ये हिरवी, सावलीत जांभळी, ढगाळ दिवशी काळपट, असं एकाच माशीचं चार तऱ्हांचं रूप माझ्याकडे आता आहे. देठाची लांबी मात्र चारही फोटोंत तीच.

२२ सप्टेंबर, रविवार

आजच्याइतकं आजवर कधी मिळालं नव्हतं, म्हणून सविस्तर लिहितो.

वसरीच्या टोकाला कपडे वाळत घालायची बांबूची काठी आडवी टांगलेली आहे. तिचं एक टोक पोकळ. दहाच्या सुमारास निळी त्या पोकळीत शिरली आणि चारेक मिनिटांनी बाहेर आली. मी स्टूल ओढून कॅमेरा टोकावर रोखला. साडेदहा ते साडेबारा या दोन तासांत चौदा फेऱ्या नोंदल्या. कॅमेरा प्रत्येक फोटोवर वेळ टाकतो, त्यामुळे नंतर हिशेब लावता आला. कॅमेऱ्याचं घड्याळ आधी लावून घ्या. माझं अकरा मिनिटं मागे होतं, ते नंतर निस्तरावं लागलं.

नऊ फेऱ्यांत तोंडात कोळी. एका फोटोत सगळं स्पष्ट आलं आहे: कोळी उलटा धरलेला, त्याचे आठही पाय मुडपून पोटाशी, निळीचा जबडा त्याच्या पुढच्या भागावर रोवलेला, आणि तिचे पुढचे पाय बांबूच्या कडेवर टेकण्याआधी हवेतच पसरलेले.

कोळी दिसला आणि झुरळवालीचा विषय कायमचा संपला. शिकार काय, हा ओळखीतला सगळ्यात पक्का पुरावा आहे असं मला आता वाटतं. मातीची घरटी करणाऱ्या माश्यांत कप्प्यात हिरव्या अळ्या निघाल्या तर ती मडकी घडवणारी गांधीलमाशी. कोळी निघाले तर आपली कुंभारीण किंवा तिच्या गोतातली. नुसत्या रंगावर हे कळायला मार्ग नाही, दोन्हीकडे काळ्या-पिवळ्या माश्या आहेत.

उरलेल्या फेऱ्या माती-पाण्याच्या. नेहमीची कुंभारीण ओल्या चिखलाची गोळी घेऊन येते. ही तुळशीपाशी ठेवलेल्या घंगाळाच्या काठावर पाणी प्यायची, मग बांबूशेजारच्या भिंतीवरची कोरडी माती तोंडातल्या पाण्याने भिजवून तीच खरवडायची. दुपारी चारपर्यंत टोक लिंपून झालं. संध्याकाळी गेलो तर लिंपणावर पांढरट थर, चुन्याचा हात फिरवल्यासारखा. तो देताना मला ती दिसली नाही, जेवायला गेलो होतो. त्या अर्ध्या तासाची हळहळ अजून आहे.

कपडे दुसरीकडे वाळत घालायला सांगितलं. बायकोने काठीला चिठ्ठी बांधली: हात लावू नये.

२४ सप्टेंबर

फ्रिजचा प्रयोग केला. पुन्हा करणार नाही.

किडा थोडा थंड केला की सुस्तावतो आणि फोटो चांगले येतात असं वाचलं होतं. एक निळी ग्लासाखाली धरली आणि डबीत घालून चार मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली. बाहेर काढली तर निपचित. आपल्या दमट हवेत थंड वस्तू बाहेर काढली की काय होतं ते ताकाच्या तांब्यावर रोज बघतो, पण लक्षात आलं नाही. दहा सेकंदांत तिच्या अंगभर दव धरलं. डोळे, मिशा, पंख, सगळ्यांवर थेंब. एकही फोटो कामाचा नाही. ती सात मिनिटं हलली नाही, आणि मी तिथे उभा राहून स्वतःला बोल लावत होतो. मग मिशी हलली, पाय हलले, आणि उन्हात ठेवल्यावर उडाली. एका फोटोसाठी तिचा जीव घेतला असता.

२९ सप्टेंबर, रविवार

बिंगहॅमचं जुनं पुस्तक उतरवून घेतलं. ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीच्या मालिकेतला गांधीलमाश्या आणि मधमाश्यांचा खंड, १८९७ चा. हक्क संपलेले असल्यामुळे इंटरनेट अर्काइव्हवर फुकट मिळतो. त्यातली बरीच नावं आज बदलली आहेत, त्यामुळे नाव घ्यायचं नाही, फक्त लक्षणं घ्यायची असं ठरवलं. इंग्रजी जड आहे. पहिल्या दिवशी तीन पानं झाली.

तीन पानांनी तीन प्रश्न हातात दिले, आणि ते माझ्या फोटोंना विचारता आले.

पंख बसल्यावर कसे? मडकी घडवणाऱ्या आणि कागदी पोळी करणाऱ्या माश्या बसल्या की पंखांची लांबीत घडी घालतात, पंख अरुंद पट्टीसारखे दिसतात. माझ्या निळीचे पंख पाठीवर सपाट, अख्खे. त्यामुळे तो सगळा गोतावळा बाद.

देठ कसा? मडकीवालीचाही लांब असतो, पण तो मागे घंटेसारखा फुगत जातो. निळीचा सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखा बारीक, आणि पोट त्यावर एकदम सुरू होतं.

डोळा कसा? इथे अडलो. तयार भोकांत राहणारी आणि कोळीच धरणारी आणखी एक टोळी आहे, ट्रायपॉक्सिलॉन. त्या बहुतेक काळ्या आणि बारक्या असतात, पण माझ्या सावलीतल्या फोटोंत निळीही काळीच दिसते. ट्रायपॉक्सिलॉनच्या डोळ्याला आतल्या बाजूने खोल खाच असते. माझ्याकडे चारशेच्या वर फोटो झाले होते, आणि समोरून चेहऱ्याचा एकही नव्हता. सगळे बाजूने नाहीतर वरून.

वहीच्या पहिल्या पानावर त्या दिवशी लिहून ठेवलं: बाजूने, वरून, समोरून, पंख बसलेले, आणि शेजारी मोजपट्टी. हे पाच झाल्याशिवाय नावाचा विचार करायचा नाही.

६ ऑक्टोबर, रविवार

चेहरा मिळाला, पण त्याला चार पहाटा लागल्या.

आईनेच सांगितलं की तुळशीमागच्या सुकलेल्या वेलीवर "तुझ्या त्या" रात्री झोपतात. टॉर्च घेऊन गेलो तर खरंच, पागोळीच्या आत, कोरड्या काडीला जबड्याने आणि पायांनी धरून एक निळी बसलेली. पहाटेच्या गारव्यात किडे आपणहून सुस्त असतात. फ्रिजने जे नासलं ते पहाटेने फुकट दिलं.

पहिल्या दिवशी पाऊस. दुसऱ्या दिवशी मी उशिरा उठलो, साडेसहाला ती गेलेली. तिसऱ्या दिवशी फ्लॅशचा उजेड कपाळावर पांढरा ठिपका होऊन बसला, डोळा दिसेचना. चौथ्या दिवशी फ्लॅशवर ट्रेसिंग पेपरची दुहेरी घडी लावली (दोन रुपयांचा कागद, सगळ्या खर्चात सर्वांत उपयोगी) आणि सहा वाजून दहा मिनिटांनी अगदी समोरून बसलो. सतरा फोटो.

डोळे मोठे, लांबट, आतली कड सलग. खाच नाही. ट्रायपॉक्सिलॉन बाद. चेहऱ्यावर बारीक पांढरी लव आहे हेही तेव्हाच पहिल्यांदा दिसलं. पाच आठवडे जिच्या मागे फिरलो तिला समोरून बघताना काय वाटलं ते नीट सांगता येणार नाही. बायकोला उठवून दाखवलं.

ती उडाल्यावर त्याच काडीपाशी, कॅमेरा न हलवता, मोजपट्टी धरून एक फोटो घेतला. लांबी सुमारे १७ मिलिमीटर.

संध्याकाळी पाच फोटो भाचीला पाठवले, ती प्राणिशास्त्र शिकली आहे. तिने सरळ नाव सांगितलं नाही, आधी विचारलं, "मामा, पंखांची टोकं बघितलीस?" बघितली. पंख पारदर्शक, टोकाला किंचित धुरकट. मग तिने नाव दिलं: कॅलिबिऑन बेंगालेन्से. कुंभारणीचीच जवळची नातलग, भारतभर आढळणारी, फक्त स्वतः घर न बांधणारी. भोक, बांबू, किंवा दुसऱ्या कुंभारणीचं रिकामं घर मिळालं की त्यात राहते. अमेरिकेतली तिची बहीण तर दुसरीचं भरलेलं घर पाण्याने भिजवून उघडते, आतलं सामान काढून टाकते आणि स्वतःचे कोळी भरते.

नाव या वेळी पेन्सिलीने लिहिलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकलो.

माटोळीवरच्या गोळ्याची बरणी मी जवळजवळ विसरलो होतो. गेल्या पंधरवड्यात तिच्यातून दोन काळ्या-पिवळ्या कुंभारणी निघाल्या, त्यांना सोडून दिलं. कुंभारणीचं शास्त्रीय नाव स्केलिफ्रॉन, हे देठावरून आणि कोळ्यांवरून ठरलं. आज सकाळी बरणीत निळी! मी लगेच भाचीला कळवलं की कॅलिबिऑनने कुंभारणीचं घर घेतलं होतं, पुरावा मिळाला. फोटो पाठवला. तिचं उत्तर आलं, "मामा, कंबर कुठे आहे?"

कंबर नव्हतीच. चार आठवडे देठ देठ करणाऱ्या माणसाने निळा रंग बघितला आणि बाकी काही बघितलंच नाही.

मग बरणीपाशी बसून सावकाश पाहिलं. ही जाड, ठेंगणी, चिलखत घातल्यासारखी. अंगभर खळगे, थेट शिवणकामातल्या अंगुस्तानासारखे. पोटाच्या शेवटच्या कडेला चार दात. काडीने हलकेच शिवल्यावर तिने पोट पुढे वळवून अंगाची गोळी केली, कारण हिचं पोट खालून पोकळ असतं आणि छाती त्यात बसते. ही स्टिल्बम सायनुरम, कोकीळ-माशी. कोकिळा जशी कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते तशी ही कुंभारणीच्या बंद घरात अंडं घालते. तिचं पिल्लू आतल्या यजमानाला खाऊन वाढतं. पकडली गेलीच तर कुंभारणीच्या डंखापासून वाचवायला ते चिलखत.

ही मी बिंगहॅमच्या १८९७ च्या खंडात दीड तास शोधली आणि ती नाहीच. कोकीळ-माश्या मुंग्यांबरोबर दुसऱ्या खंडात आहेत, १९०३ च्या. कोणी शोधायला बसलात तर आधी तो उघडा.

एकाच वसरीत निळ्या दिसणाऱ्या दोन माश्या, आणि तिसरी मी मनाने आणलेली. दोन्हींचे फोटो एकाच फोल्डरमध्ये "निळी" म्हणून पडले होते. ते वेगळे करायला एक अख्खी संध्याकाळ गेली.

३१ ऑक्टोबर

काल नरकासुराची रात्र. फटाके आणि पहाटेपर्यंत ढोल. काठी हादरू नये म्हणून दोन दिवस आत ठेवली. लिंपण शाबूत.

३ ते ६ नोव्हेंबर

३ तारखेला सकाळी बांबूच्या लिंपणाला मिरीएवढं भोक पडलेलं आणि जवळ भिंतीवर छोटी निळी बसलेली. दुपारी आणखी एक, तीही छोटी. ६ तारखेला मोठी. लिंपल्याला सहा आठवडे झाले होते.

छोट्यांचे फोटो मिशा मोजण्यासाठी घेतले. गांधीलमाश्यांत नराच्या मिशीला तेरा पेरं, मादीच्या मिशीला बारा. एकच पेर कमी-जास्त, आणि मिशी वाकलेली असली की एक पेर हमखास लपतं. सहा फोटो लागले. टोकाकडून बुडाकडे मोजलं की घोळ कमी होतो, बुडाकडची पेरं डोक्याच्या सावलीत जातात. दोन्ही छोटे तेरा, म्हणजे नर. ६ तारखेची मोठी बारा, मादी. डंख फक्त मादीला असतो, नराला नाही.

मला बारा आठवड्यांत एकही डंख बसला नाही. या एकट्या राहणाऱ्या माश्या घरट्यासाठी माणसावर धावून येत नाहीत, स्टुलावर हातभर अंतरावर बसलो तरी निळी आपल्या कामात असायची. कागदी पोळं असेल, झाडाच्या ढोलीत वारुळासारखा पुंजका असेल, आणि त्यावर एकापेक्षा जास्त माश्या असतील, तर मात्र यातलं काहीही करू नका. तिथे स्टूल नेऊ नका.

खर्च: चिमट्याचं भिंग ६५०, लेन्सची सफाई १,४००, टॉर्च २५०, ट्रेसिंग पेपर २. एकूण २,३०२ रुपये. पुन्हा करायचं झालं तर भिंग आणणार नाही. लेन्सला बुरशी नसती तर काम टॉर्च आणि ट्रेसिंग पेपरवर भागलं असतं.

१७ नोव्हेंबर, रविवार

फोटो निवडायला बसलो. एकूण १,१४६. ठेवले एकतीस.

पहिल्या दिवशीचे नऊ हललेले फोटो पुसणार, एवढ्यात पाचव्यावर थांबलो. त्यात माशी म्हणजे निळा फराटा. पण वसरीच्या भिंतीला चवथीसाठी नुकताच चुना काढलेला होता, ऊन तिरपं होतं, आणि माशीच्या मागे भिंतीवर तिची सावली पडली आहे. माशीपेक्षा सावली जास्त रेखीव आली आहे: डोकं, छाती, मग केसाएवढी बारीक रेघ, मग पोट.

तो फोटो एकतीसांच्या आधी लावला आणि पेन्सिलीच्या नावावरून शाई फिरवली. काठीचं जुनं टोक कापून त्याच जागी आठ मिलिमीटर भोकाचे बांबूचे चार नवे तुकडे बांधले. त्यातल्या डावीकडच्याच्या तोंडाशी आज दुपारी पांढरट थर दिसला.